झोपाळ्याचा पत्ता

बेलार्मीनो उयोआ यांनी जन्मात कुणाचा एक पेसो बुडवला नव्हता, आणि वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी ही गोष्ट त्यांना कागदावर सिद्ध करून द्यायची होती. तोंडाने सांगितलेले हल्ली कुणी ऐकत नाही.

कागद हवा होता एका घरासाठी. घर म्हणजे लाकडाच्या दोन खोल्या, निळा रंग उडालेला, छप्पर एका बाजूला जरा कलंडलेले. पण त्याला समुद्राकडे तोंड करून व्हरांडा होता. घर होते कोब्केकुराला, आणि बेलार्मीनो राहत होते चिय्यानला, दोन-अडीच तास आत. मधला हा रस्ता त्यांना कुणी दाखवायची गरज नव्हती. बत्तीस वर्षे त्यांनी याच रस्त्यावर बस चालवली होती. दुपारी कोब्केकुराला पोचायचे, वीस मिनिटे थांबायचे, चार वाजता गाडी वळवून परत. वीस मिनिटांत माणूस समुद्र किती बघणार? चाके बघायची, काच पुसायची, एखाद्या म्हातारीची कोंबड्यांची टोपली टपावर चढवायची, की झाले चार.

रविवारी त्यांची बायको एल्सिरा पुढच्या सीटवर बसून सोबत यायची. उकडलेली अंडी, मीठ कागदाच्या पुडीत. उतरल्यावर ती वाळूच्या कडेला उभी राहून अंडे सोलायची. पलीकडच्या खडकावर समुद्रसिंह एकमेकांवर ओरडत असायचे, तिकडे बघत ती म्हणायची, "एक दिवस असा येईल बेलार्मीनो, की बस परत जाईल आणि आपण नाही जाणार."

त्यावर बेलार्मीनोंचे उत्तर बत्तीस वर्षांत बदलले नाही. "बरं, आता चढ. चार वाजले."

पुढे ते निवृत्त झाले. मग एका वर्षी चिय्यानच्या घराचे छप्पर निघाले, एका वर्षी त्यांचा गुडघा निघाला. आणि मग एल्सिराच गेली. येत्या मे महिन्यात चार वर्षे होतील. या मार्चमध्ये बेलार्मीनोंना कळले की ते निळे घर भाड्याने द्यायचे आहे, आणि त्यांनी त्याच दिवशी बस पकडली.

घराची मालकीण सेन्योरा सुनिल्दा. बाई ठेंगणी, आवाज मात्र खडकावरच्या समुद्रसिंहांना ऐकू जाईल असा.

"तुमचा चेहरा चांगला आहे हो," ती म्हणाली. "मागच्या भाडेकरूचाही चांगलाच होता. जाताना पाणी तापवायचा बंब घेऊन गेला. भिंतीतून उपटून! तेव्हापासून मी चेहऱ्यावर घर देत नाही. पत-दप्तराचा कागद आणा, की तुमच्या नावावर काही थकलेलं नाही. एकतीस तारखेपर्यंत थांबते. सान्तियागोचं एक जोडपं रोज फोन करतंय."

"कागद काय, उद्या आणतो," बेलार्मीनो म्हणाले. माणसाने असे बोलू नये.

पत-दप्तराच्या काचेमागच्या मुलीने त्यांचा ओळख क्रमांक टाकला, यंत्रातून कागद निघाला आणि तिचा चेहरा पडला. "आजोबा, तुम्ही यादीत आहात."

'आजोबा' ऐकून बेलार्मीनो आधीच दुखावले होते, त्यामुळे 'यादीत' हा शब्द त्यांच्या डोक्यात जरा उशिरा शिरला. कागदावर लिहिले होते: कासा गार्मेन्दिया, थकबाकी, सत्तेचाळीस महिने.

गार्मेन्दिया हे चौकातले मोठे दुकान. तिथून त्यांनी हप्त्यावर एक टीव्ही घेतला होता आणि टीव्ही बिघडायच्या आत सगळे हप्ते फेडले होते. ही गोष्ट त्या पेठेत तरी विशेषच म्हणायची.

घरी येताना त्यांनी हे फक्त एका माणसाला सांगितले, शेजारच्या नोल्फाला, आणि तेही पावाच्या रांगेत अगदी हळू आवाजात. संध्याकाळी ते कोपऱ्यावरच्या दुकानात साखर आणायला गेले. वीस वर्षे त्यांच्या नावाने वही चालवणारी दुकानदारीण म्हणाली, "वेसीनो, शेजारी म्हणून सांगते, राग मानू नका, पण सध्या थोडे दिवस रोखीनेच घ्या." बेलार्मीनोंनी रोख पैसे मोजले, साखर तिथेच विसरले आणि घरी येऊन बिनसाखरेचा चहा प्यायले.

दुसऱ्या दिवशी सकाळी एलिसेओ प्रादेनास दारात हजर. गल्लीत कायद्याचा माणूस म्हणजे एलिसेओ. एकोणतीस वर्षे कोर्टात काढलेली. कोर्टात तो दारावर उभा असे आणि लोकांचे कोट सांभाळत असे, ही गोष्ट आता गल्लीत फारसे कुणी बोलून दाखवत नाही.

"पुरावा," एलिसेओ म्हणाला. "पावत्या कुठायत?"

पावत्या होत्या. एल्सिरा कुठलाच कागद टाकत नसे. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात दोऱ्याने बांधलेला गठ्ठा निघाला. बेलार्मीनोंनी दोरा सोडला आणि बघतात तर पावत्या कोऱ्या. पुढून कोऱ्या, मागून कोऱ्या. दुकानातल्या यंत्रातला तो गुळगुळीत कागद, चार-पाच वर्षांत अक्षरे उडून गेलेली. एलिसेओपाठोपाठ आलेल्या नोल्फाने एक पावती उन्हात धरली, मग चष्मा लावून धरली, मग बेलार्मीनोंचा चष्मा लावून धरली.

"काही नाही त्यात," ती म्हणाली. "यापेक्षा माझ्या रुमालावर जास्त लिहिलेलं असेल."

"इस्त्री," एलिसेओ म्हणाला.

"काय?"

"इस्त्री फिरवा. उष्णतेनं शाई वर येते. कोर्टात मी स्वतः बघितलंय."

इस्त्री तापली. एलिसेओने पहिली पावती पाटावर ठेवली, वरून इस्त्री फिरवली, आणि पावती एका क्षणात काळी कुळकुळीत झाली. या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"शाई आली वर," एलिसेओ तिच्याकडे बघत म्हणाला. "जरा जास्तच आली. इस्त्री तापलीय फार."

म्हणून दुसरी पावती जरा गार इस्त्रीखाली घातली. तिसरी त्याहून गार. नोल्फाने इस्त्रीची वायर भिंतीतून ओढून काढली तोवर नऊ पावत्या काळ्या झाल्या होत्या.

हरायचे एलिसेओच्या स्वभावात नव्हते. तो बेलार्मीनोंना घेऊन नोटरीकडे गेला. तिथे दीड तास रांग, मग एक कारकून, मग दुसरी रांग. या देशात नोटरीसमोर शपथ घेऊन माणूस काहीही सांगू शकतो, फक्त फी भरावी लागते. कारकुनाने मान वर न करता टाइप केले: 'खाली सही करणारा शपथेवर सांगतो की सोबत जोडलेले नऊ काळे कागद पूर्वी पांढरे होते, आणि त्याआधी त्यांच्यावर अक्षरे होती.' वर दोन शिक्के आणि एक तिकीट.

बेलार्मीनोंनी बत्तीस वर्षे सरकारी तपासनीसांना तोंड दिले होते, दरीच्या काठाने बस मागे घेतली होती. पण या कागदाखाली सही करताना त्यांनी दोनदा पेन खाली ठेवले. आपण कोण होतो, आणि काय झालो!

गार्मेन्दियाची तक्रार-खिडकी दुसऱ्या मजल्यावर, गाद्यांच्या विभागाच्या पलीकडे. नंबराची चिठ्ठी घ्यायची आणि गाद्यांकडे बघत उभे राहायचे. बसायला जागा म्हणजे गाद्याच, आणि त्यांवर 'बसू नये' अशी पाटी. तासाभराने नंबर आला. खिडकीत पन्नाशी उलटलेली बाई, चष्म्याला दोरी, छातीवर नाव: माग्नोलिया.

तिने नऊ काळे कागद पंख्यासारखे पसरले. "हे काय?"

"पावत्या."

"मला वाटलं, घरात कुणी गेलंय आणि तुम्ही दुःखाची काळी पत्रं वाटताय."

बेलार्मीनोंनी शपथपत्र पुढे केले. माग्नोलियाने ते वाचले, चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचले. मग ती यंत्राकडे वळली.

"सेन्योर उयोआ, तुमचे हप्ते सगळे फिटलेत."

"मग! मी काय सांगत होतो?"

"थकलाय तो खातं सांभाळायचा आकार. दर महिन्याचा."

"पैसे फिटल्यावर खातं सांभाळताय कशाला?"

"बंद झालेलं नाही म्हणून."

"बंद का झालेलं नाही?"

"वस्तू नेलेली नाही म्हणून. आम्ही दर महिन्याला पत्र पाठवतो की."

पत्रे येत होती खरी. वर रंगीत छाप असायचा, आणि बेलार्मीनो त्यांना जाहिराती समजून चुलीत घालत. चांगली पेटत. हे त्यांनी खिडकीत सांगितले नाही. ते म्हणाले, "टीव्ही मी स्वतः खांद्यावर नेलाय."

"टीव्ही नाही. तुमच्या खात्यावरचं दुसरं कार्ड. एल्सिरा उयोआ." माग्नोलियाने पडद्याजवळ डोळे नेले. "अंगणातला झोपाळा, दोन माणसांचा, वर हिरव्या-पांढऱ्या पट्ट्यांचं छत. पाच वर्षांपूर्वी, मार्चमध्ये, आपला उन्हाळा संपतो तेव्हाच्या सवलतीत. बारा हप्ते, सगळे भरलेत. माल गोदामात. पत्ता: नंतर कळवू."

बेलार्मीनो बसले. पाटी असलेल्या गादीवरच बसले, आणि कुणी त्यांना उठवले नाही.

"पुढे शेरा आहे," माग्नोलिया म्हणाली. तिचा आवाज आता खिडकीतला राहिला नव्हता. "'समुद्र दिसणारे घर.' हे मीच लिहिलंय. मी तिला म्हटलं, बाई, शेऱ्यात असलं काही लिहीत नाहीत. ती म्हणाली, लिहा हो, विसरलात तर भलतीकडेच पोचवाल. मागे रांग खोळंबली होती. लिहिलं." तिने चष्मा दोरीवर सोडला. "कशा आहेत त्या?"

"नाही," बेलार्मीनो म्हणाले. एवढाच शब्द त्यांना सापडला, पण तेवढा पुरला.

थोड्या वेळाने माग्नोलियाने दोन मार्ग सांगितले. झोपाळा रद्द करायचा: किमतीचे कूपन मिळेल, खाते तासाभरात बंद, यादीतून नाव दोन दिवसांत बाहेर. नाहीतर झोपाळा न्यायचा: पत्ता द्यायचा, तिथे राहणाऱ्याची किंवा मालकाची संमती द्यायची, माल पोचला की खाते बंद.

"पत्ता तर आहे," बेलार्मीनो म्हणाले. "कोब्केकुरा. निळं घर."

"तुमचं आहे?"

"होईल. तुम्ही यादीतून नाव काढलंत की."

"नाव निघेल माल पोचला की."

"माल पोचेल घर मिळालं की."

रांगेतला मागचा माणूस म्हणाला, "बायांनो, बापांनो, माझं फक्त मिक्सरचं झाकण हरवलंय."

त्या संध्याकाळी नोल्फाकडे चहाला अख्खी गल्ली जमली. पाव, कुस्करलेला आवोकादो, चिय्यानचे सॉसेज. असे प्रश्न रिकाम्या पोटी सुटत नाहीत. कुणी म्हणे झोपाळा इथेच आणा. बेलार्मीनोंचे अंगण किती? लिंबाचे एक झाड आणि कपड्यांची एक दोरी. एलिसेओ म्हणाला, झाड तोडा, दोरी कोर्टात मागू. कुणी त्यात काय मागायचे ते विचारले नाही.

"रद्द करून टाका, वेसीनो," नोल्फा चहा ओतत म्हणाली. "घर मिळतंय ना? मग झालं. दोन माणसांचा झोपाळा एकट्याला कशाला?"

नोल्फाने किटली खाली ठेवली आणि स्वतःच्या तोंडावर हलकी चापट मारली. "जीभ आहे की काय ही माझी! खा, हे सॉसेज खा."

बेलार्मीनोंनी सॉसेज खाल्ले. पण नोल्फा चुकीचे बोलली नव्हती. सरळ हिशेब होता. झोपाळा सोडला की घर. घरात जाऊन बसायचे, समुद्र बघायचा, आणि माहीत असायचे की व्हरांड्यात काय असायला हवे होते. महिना संपायला सहा दिवस उरले होते.

दुसऱ्या दिवशी ते बसने कोब्केकुराला निघाले. ड्रायव्हर नीबाल्दो त्यांच्याच हाताखाली शिकलेला. "उस्ताद, पुढे बसा!" त्याने दारातूनच हाक दिली. पुढची सीट म्हणजे एल्सिराची. इतक्या वर्षांत बेलार्मीनो त्या जागेवर कधी बसले नव्हते. बसणार कसे, स्टीअरिंग कुणी धरायचे? आज बसले. वाटेतल्या कीरीवे गावापर्यंत ते नीबाल्दोला गिअर कसा टाकावा ते सांगत होते. मग समोर बघू लागले. त्या जागेवरून समुद्र फार उशिरा दिसतो, अगदी शेवटच्या वळणावर. ड्रायव्हर मात्र सगळा वेळ दिसतो. एवढी वर्षे एल्सिरा समुद्र बघायला येते असे त्यांना वाटत होते.

सुनिल्दा कपडे वाळत घालत होती. तिने सगळे ऐकून घेतले. काळ्या पावत्यांपाशी ती एवढी हसली की चिमटे खाली पडले, आणि 'समुद्र दिसणारे घर' पाशी ती ओली चादर हातात धरून तशीच उभी राहिली.

"कागदाशिवाय घर नाही," ती शेवटी म्हणाली. "बंब आठवतो मला."

"घर नको. फक्त संमतीची सही द्या. झोपाळा येऊ दे व्हरांड्यात."

"आणि तुमचा कागद नाहीच आला तर?"

बेलार्मीनोंनी समुद्राकडे बघितले. "मग झोपाळा तुमचा."

सुनिल्दाने चादर दोरीवर टाकली आणि एप्रनला हात पुसले. "झोपाळा काही बंब उपटून नेत नाही. आणा तो सही करायचा कागद. पण लिहून द्या बरं का, एकतीस तारीख उलटली की माझा. मग मागे यायचं नाही रडत."

त्यांनी लिहून दिले. त्या पंधरवड्यात त्यांनी खूप सह्या केल्या होत्या. ही एकच करताना त्यांनी मध्ये पेन खाली ठेवले नाही.

एकोणतीस तारखेला गार्मेन्दियाचा ट्रक आला. खातेदार समोर हवा, म्हणून बेलार्मीनो ट्रकमध्येच, ड्रायव्हर आणि हमाल यांच्या मध्ये, मांडीवर नोल्फाने दिलेला पाव घेऊन. पाच वर्षे गोदामात पडलेली खोकी निळ्या घराच्या व्हरांड्यात उघडली. छताची पट्टी एका घडीवर फिकी झालेली, दोन स्क्रू कमी. त्यांच्या जागी सुनिल्दाने कुठूनतरी दोन मोठे खिळे आणले आणि हमालाला बाजूला सारून स्वतःच ठोकले.

यादीतून नाव काढायचे मात्र अजून बाकी होते, कारण सत्तेचाळीस महिन्यांचा आकार खात्यावर तसाच होता. त्याच दुपारी ट्रक परत आला तेव्हा माग्नोलियाने पडद्यावर कारणांची यादी उघडली. ग्राहक स्थलांतरित. ग्राहक मृत. ग्राहक असमाधानी. ती बराच वेळ खाली-वर करत राहिली.

"हे," ती म्हणाली. "'माल पोचवण्यास दुकानाकडून विलंब.' पंधरा दिवसांवर विलंब झाला की आकार लागत नाही. आमचाच नियम आहे. आम्ही पाच वर्षं लावली."

"पण पत्ताच दिला नव्हता आम्ही."

"सेन्योर उयोआ, तुम्हाला घर हवंय का वाद घालायचाय? पत्ता दिला होता. समुद्र दिसणारं घर. आम्हाला सापडलं नाही, ही आमची चूक." आणि तिने कळ दाबली.

एकतीस तारखेला सकाळी पत-दप्तराच्या मुलीने नवा कागद दिला. "अभिनंदन, आजोबा. काहीच नाही तुमच्या नावावर." बेलार्मीनोंनी कागद वाचला. नाव, क्रमांक, आणि खाली मोठी पांढरी मोकळी जागा. या कागदासाठी ते पंधरवडाभर धावले होते, आणि आता त्या पांढऱ्या जागेकडे त्यांच्याने बघवेना. कासा गार्मेन्दिया गेले होते, सत्तेचाळीस महिने गेले होते, एल्सिराच्या कार्डाचे नावनिशाण उरले नव्हते. नवा कागद त्यांनी सुनिल्दासाठी पाकिटात घातला. जुना, यादीतला, बिस्किटांच्या डब्यात गेला, नऊ काळ्या पावत्यांसोबत.

गल्ली निरोपाला आली. दुकानदारीण विसरलेली साखर घेऊन आली आणि वही पुन्हा उघडते म्हणाली. एलिसेओने इस्त्री भेट दिली.

पहिल्या रविवारी बेलार्मीनोंनी अंडी उकडली, मीठ कागदाच्या पुडीत बांधले आणि ते व्हरांड्यात आले. सुनिल्दाने कुंपणापलीकडून ओरडून सांगितले की एकट्याने बसताना मधोमध बसावे, नाहीतर तिचे खिळे एका बाजूला ओढले जातील. बेलार्मीनोंनी मान डोलावली आणि ते आपल्या बाजूला बसले. झोपाळा तेवढा एका अंगाला कलला. खडकावर समुद्रसिंहांची भांडणे चालू होती, त्या बत्तीस वर्षांत चालू होती तीच बहुधा.

खाली बस उभी होती. नीबाल्दो चाके बघत होता, काच पुसत होता. चार वाजले. त्याने दोनदा हॉर्न दिला, खिडकीतून मान काढली आणि वर बघून ओरडला, "उस्ताद, येताय का?"

बेलार्मीनोंनी हात वर केला आणि नाही म्हणून हलवला.

बस वळली. ती मागे घेताना बेलार्मीनोंचा उजवा पाय व्हरांड्याच्या फळीवर घट्ट दाबला गेला होता, ब्रेकवर ठेवावा तसा, आणि झोपाळा जागच्या जागी अडकून होता. बस चढ चढली, वळणाआड गेली, आवाजही गेला. मग त्यांनी पाय उचलला आणि झोपाळा हलला.